ॲम्पच्या मागे छापलेला ओहम हा खराखुरा माणूस होता, आणि त्याला विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकी मिळाली ती थेट साठीनंतर

गिटार वाजवणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या आयुष्यात हा दिवस येतोच.

घरातल्या कॉम्बो ॲम्पचा आवाज पुरेनासा होतो. ड्रमवाला जोरात वाजवतो आणि गिटार ऐकूच येत नाही. कुणाकडे तरी एक रिकामं स्पीकर कॅबिनेट पडून असतं. ॲम्पच्या पाठीमागे जॅक असतो, कॅबिनेटलाही तसाच जॅक असतो आणि हातातली गिटारची केबल दोन्हीकडे बरोब्बर बसते. मग काय, लावा आणि वाजवा!

पण त्या जॅकच्या शेजारी बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं असतं. कुठे ४ ओहम, कुठे ८ ओहम, कुठे १६ ओहम. आणि बहुतेक वेळा त्याच्या आधी किमान असा एक शब्द असतो. बरेच जण ते वाचत नाहीत. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यापैकी काहींच्या ॲम्पमधून मग जळका वास येतो आणि दुरुस्तीचं बिल नव्या ॲम्पच्या जवळपास जातं.

तो ओहम म्हणजे एक माणूस. पूर्ण नाव गेऑर्ग झिमोन ओहम. आज जगातल्या प्रत्येक स्पीकरवर त्याचं नाव आहे, पण ज्या शोधामुळे ते तिथे आलं त्याच शोधानंतर त्याला हातातली नोकरी सोडावी लागली होती.

त्याची गोष्ट नीट समजून घेतली, तर ॲम्पला बाहेरचं कॅबिनेट कसं जोडायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

कुलूप बनवणाऱ्याचा मुलगा

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा. गाव एर्लांगेन, आजच्या जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतातलं. वडील योहान वोल्फगांग ओहम कुलुपं बनवायचे. आई मारिया एलिझाबेथ एका शिंप्याची मुलगी. सात मुलं झाली, पण जगली तिघंच. गेऑर्ग, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ बार्बरा. गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आई गेली.

वडिलांचं शाळेतलं शिक्षण फारसं झालेलं नव्हतं. पण या माणसाने स्वतःच्या हिमतीवर गणित आणि विज्ञान शिकून घेतलं होतं, आणि नुसतं शिकला नाही तर दोन्ही मुलांना घरी बसवून शिकवलं. गावातल्या शाळेत जे मिळत नव्हतं ते या कुलूपवाल्याच्या घरात मिळत होतं. एर्लांगेन विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक कार्ल क्रिस्टियान फॉन लांग्सडोर्फ यांनी एकदा गेऑर्गची परीक्षा घेतली आणि या भावंडांची तुलना थेट बेर्नुली घराण्याशी केली. बेर्नुली म्हणजे गणितातलं सगळ्यात नावाजलेलं कुटुंब.

मार्टिन पुढे खरोखरच गणितज्ञ झाला.

गेऑर्गचं काय झालं? १८०५ मध्ये तो विद्यापीठात गेला आणि तिथे त्याला नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स या तीन गोष्टींचा नाद लागला. वडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेलं पोरगं बिलियर्ड्स खेळतंय म्हटल्यावर घरात काय झालं असेल याची कल्पना कुणालाही येईल. तीन सत्रांनंतर वडिलांनी त्याचं विद्यापीठ बंद केलं आणि सप्टेंबर १८०६ मध्ये त्याला स्वित्झर्लंडला धाडलं. गोटश्टाट नावाच्या ठिकाणी एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून. वय वर्षं १७.

मास्तरकीची वणवण

इथून पुढची जवळपास दहा वर्षं म्हणजे नुसती फिरती.

१८०९ मध्ये तो नोशातेल शहरात खाजगी शिकवण्या घ्यायला लागला. लांग्सडोर्फ सरांच्या मागोमाग हायडेलबर्गला जावं असं त्याला वाटत होतं, पण सरांनी सल्ला दिला की विद्यापीठाच्या मागे लागण्यापेक्षा ऑयलर, लाप्लास आणि लाक्रोआ यांची पुस्तकं स्वतः वाच. त्याने ते ऐकलं. १८११ मध्ये तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला त्याला डॉक्टरेट मिळाली.

विद्यापीठाने त्याला शिकवायला ठेवलं खरं, पण पगार इतका तुटपुंजा की तीन सत्रांत त्याने ते सोडलं. १८१३ मध्ये बांबेर्गच्या एका सुमार शाळेत नोकरी धरली. तिथे मन रमेना म्हणून त्याने भूमितीवर एक पुस्तक लिहिलं. १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली आणि त्याची रवानगी त्याच गावातल्या दुसऱ्या, खच्चून भरलेल्या शाळेत झाली.

शेवटी त्याने भूमितीच्या पुस्तकाची प्रत प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याला पाठवली. ही खेळी लागू पडली. १८१७ मध्ये कलोनच्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून नेमणूक झाली.

कलोनच्या शाळेत दोन गोष्टी चांगल्या होत्या. एक म्हणजे विद्यार्थी. पुढे जगप्रसिद्ध गणितज्ञ झालेला डिरिश्ले इथेच ओहमच्या हाताखाली शिकला. आणि दुसरी म्हणजे प्रयोगशाळा. शाळेकडे भौतिकशास्त्राची चांगली उपकरणं होती. वडिलांच्या कुलपांच्या कामात वाढलेल्या ओहमला धातूकाम येत होतं. तारा ओढणं, उपकरणं जुळवणं ही कामं तो स्वतःच करायचा.

घाई केली आणि सूत्र चुकलं

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखवून दिलं की तारेतून वीज वाहते तेव्हा शेजारची चुंबकसुई हलते. म्हणजे वीज मोजायचं साधन मिळालं. सुई जितकी जास्त वळेल तितकी वीज जास्त.

ओहमने ठरवलं की तार लांब होत गेली की वीज किती कमी होते ते मोजायचं.

आज हे सोपं वाटतं, कारण शाळेच्या पुस्तकात विद्युतधारा, विभवांतर आणि रोध हे तीन शब्द वेगवेगळे छापलेले असतात. त्या काळात यांच्यात नीट फरकच केला जात नव्हता. व्होल्ट नव्हता, अँपिअर नव्हता आणि ओहम तर नव्हताच.

१८२५ मध्ये त्याने पहिला निबंध छापला. त्यात एक सूत्र होतं आणि ते चुकीचं होतं.

चूक गणिताची नव्हती. त्याने वीज घेतली होती व्होल्टाच्या बॅटरीतून आणि ती बॅटरी बेभरवशाची होती. तार जोडली की तिचा जोर ओसरायचा, तार काढली की पुन्हा सावरायचा. म्हणजे तो मोजत होता तारेचा परिणाम, पण मध्येच बॅटरी स्वतःच बदलत होती.

बर्लिनमधून शास्त्रीय नियतकालिक चालवणाऱ्या पोगेनडोर्फ यांनी त्याला एक सूचना केली. बॅटरी सोडून दे आणि झेबेकने शोधलेली पद्धत वापर. टोमास झेबेकने १८२१ मध्ये दाखवलं होतं की दोन वेगळे धातू जोडले आणि एक सांधा गरम, दुसरा थंड ठेवला की वीज वाहते. ओहमने तांबं आणि बिस्मथ घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोघांच्या तापमानातला फरक बदलत नाही, त्यामुळे विजेचा जोरही बदलत नाही.

मग त्याने सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. एकेक तार जोडायची, सुईचं वळण मोजायचं, लिहून ठेवायचं आणि पुढची तार घ्यायची.

१८२६ मध्ये उत्तर हाती आलं. सुईचं वळण म्हणजे एक ठरलेली संख्या भागिले दोन गोष्टींची बेरीज. त्यातली पहिली गोष्ट म्हणजे बाहेर जोडलेल्या तारेची लांबी. दुसरी गोष्ट तार कितीही बदला, तशीच राहत होती. ती होती उरलेल्या सर्किटची, म्हणजे वीज जिथून येते त्या भागाची स्वतःची अडवणूक.

म्हणजे ॲम्पच्या भाषेत काय?

ओहमच्या टेबलावरची उकळतं पाणी आणि बर्फाची जोडी म्हणजे ॲम्प. बाहेर जोडलेली तार म्हणजे स्पीकर. किती वीज वाहणार हे एकटा ॲम्प ठरवत नाही आणि एकटा स्पीकरही ठरवत नाही. दोघं मिळून ठरवतात. बाहेरची अडवणूक कमी केली की वीज जास्त वाहते आणि तिचा ताण आतल्या भागावर पडतो.

आता हिशोब करून बघू. ८ ओहमच्या स्पीकरला ४० वॅट देताना ॲम्पमधून साधारण १८ व्होल्ट आणि सव्वादोन अँपिअर बाहेर जातात. तेवढ्याच व्होल्टवर समोर ४ ओहम आले, तर अँपिअर दुप्पट होतात. साडेचारच्या आसपास.

ॲम्प तेवढ्यासाठी बनवलेला असेल तर काहीच बिघडत नाही. नसेल तर आतले ट्रान्झिस्टर तापतात आणि शेवटी जातात.

बाहेरचं कॅबिनेट जोडताना लोक फसतात ते इथेच. बहुतेकांना वाटतं की आतला ८ ओहमचा स्पीकर आणि बाहेरचा ८ ओहमचा स्पीकर मिळून १६ ओहम होतात. पण ॲम्पवरचा जादा स्पीकरचा जॅक साधारणपणे आतल्या स्पीकरशी समांतर जोडलेला असतो. शाळेत एकसर आणि समांतर जोडणी शिकवली होती ना, तीच. समांतर जोडणीत विजेला दोन वाटा मिळतात, त्यामुळे एकूण अडवणूक कमी होते. दोन ८ मिळून १६ नाही, ४ होतात. ८ आणि १६ समांतर जोडले तर साधारण ५.३ होतात. दोन ४ जोडले तर उरतात फक्त २.

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे फेंडर ट्विन रिव्हर्ब. आत १२ इंची दोन स्पीकर, प्रत्येकी ८ ओहम. समांतर जोडणीमुळे ॲम्पला आधीच ४ ओहम दिसतात. त्यात अजून ४ ओहमचं कॅबिनेट लावलं की २ ओहम. पाठीमागचे आकडे न बघता केबल लावणाऱ्याला हे कळतही नाही.

पुस्तक आलं आणि नोकरी गेली

आता परत ओहमकडे.

प्रयोगाचं उत्तर मिळालं, पण ते नुसत्या आकड्यांत होतं. त्यामागचं कारण गणिताने मांडायचं तर वेळ हवा. ओहमने शाळेकडे रजा मागितली आणि ती मिळाली, पण अर्ध्या पगारावर. तो बर्लिनला भाऊ मार्टिनकडे राहायला गेला आणि लिहायला बसला.

१८२७ मध्ये पुस्तक छापून आलं. विषय विजेच्या सर्किटची गणिती मांडणी. फ्रान्सच्या फूरिएने उष्णता धातूतून कशी वाहते याचं गणित १८२२ मध्ये मांडलं होतं. ओहमने तीच वाट विजेसाठी वापरली. विजेच्या दाबाला रोधाने भागलं की विद्युतधारा मिळते. आज नववी-दहावीत तीन अक्षरांत लिहितात तो हाच नियम.

ओहमला वाटलं होतं की आता तरी एखादं विद्यापीठ बोलावेल.

झालं उलटं. त्या काळच्या जर्मनीत अनेक भौतिकशास्त्रज्ञांना गणिताने भरलेलं पुस्तक म्हणजे भौतिकशास्त्र वाटतच नव्हतं. निसर्ग समजून घ्यायचा तो तत्त्वज्ञानाने, असं मानणाऱ्यांचा जोर होता. बर्लिनच्या गेऑर्ग फ्रीडरिश पोल यांनी तर पुस्तकाची पार चिरफाड केली. काहींना ते कळलं नाही, काहींनी ते उघडलंच नाही.

मार्च १८२८ मध्ये ओहमने कलोनची नोकरी सोडली. दहा वर्षांहून जास्त काळ केलेली, चांगल्या प्रयोगशाळेची नोकरी. वय ३९ आणि पुढचं काहीच ठरलेलं नाही.

पुढची पाच वर्षं त्याने बर्लिनच्या लष्करी शाळेत आठवड्याला काही तास गणित शिकवून काढली. त्याने लग्न कधीच केलं नाही. ज्या माणसाच्या नियमावर पुढे अख्खी विद्युत अभियांत्रिकी उभी राहिली, तो या काळात तासिका तत्त्वावर काम करत होता.

बाहेरच्यांनी आधी ओळखलं

पण नियम खरा होता, त्यामुळे तो दबून राहिला नाही.

लाइपझिगच्या फेश्नरने १८३१ मध्ये स्वतः मोजमापं करून ओहमला दुजोरा दिला. रशियात लेन्झने त्याचं काम वापरलं. फ्रान्समध्ये पुइयेने तशाच निष्कर्षांवर दावा सांगितला, त्यामुळे श्रेयाचा वादही झाला. १८३३ मध्ये ओहमला न्युरेनबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकाची जागा मिळाली. विद्यापीठ नव्हतं, पण पगार नियमित होता.

आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिलं. त्या काळातला विज्ञानातला फार मोठा सन्मान. बॅटरीवाल्या व्होल्टालाही ते १७९४ मध्ये मिळालं होतं. पुढच्याच वर्षी सोसायटीने ओहमला परदेशी सदस्य करून घेतलं. १४ वर्षांपूर्वी घरच्यांनी नाकारलेल्या पुस्तकाचा गौरव असा परदेशातून झाला.

यात अजून एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशला हीच गोष्ट १७८१ च्या सुमारास समजली होती. त्याच्याकडे मोजायचं साधन नव्हतं, म्हणून तो स्वतःच्या शरीरातून झटका घेऊन वीज किती आहे याचा अंदाज करायचा. पण त्याने ते छापलं नाही. मॅक्सवेलने त्याची टिपणं शोधून १८७९ मध्ये छापली तेव्हा जगाला कळलं. तोवर नियमाला ओहमचं नाव कायमचं चिकटलं होतं.

गिटारवाल्यांसाठी ओहमने अजून एक गोष्ट केली

हे फार कमी लोकांना माहीत असतं. १८४३ मध्ये ओहमने आवाजावर एक निबंध लिहिला.

त्यात त्याने मांडलं की आपला कान कुठलाही गुंतागुंतीचा आवाज साध्या, शुद्ध स्वरांमध्ये फोडून ऐकतो. गिटारची सगळ्यात जाड तार छेडली की सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा मूळ स्वर निघतो, पण त्याच्यासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही निघतात. कुठला उपस्वर किती जोरात यावर तो आवाज गिटारचा वाटतो की सतारीचा, हे बरंचसं ठरतं.

ॲम्पचं डिस्टॉर्शन म्हणजे असेच नवे उपस्वर तयार करणं. आणि वेगळं कॅबिनेट लावल्यावर आवाजाचा पोत बदलतो, कारण प्रत्येक स्पीकर आणि खोका या उपस्वरांपैकी काहींना उचलून धरतो, काहींना दाबतो.

या निबंधावरही भांडण झालंच. विरोधात उभा राहिला आउगुस्ट झेबेक. हा कोण? ज्या टोमास झेबेकच्या शोधामुळे ओहमचा विजेचा प्रयोग यशस्वी झाला, त्याचाच मुलगा. बापाने नकळत ओहमला हात दिला आणि मुलाने त्याच्याशी वाद घातला. ओहमच्या मृत्यूनंतर हेल्महोल्ट्झने १८६३ मध्ये हाच विचार आपल्या पुस्तकात पुढे नेला, तेव्हा त्याला वजन आलं.

साठीनंतरची प्राध्यापकी

१८४९ मध्ये ओहम म्युनिकला गेला. तिथे बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीच्या उपकरणांची जबाबदारी आणि विद्यापीठात व्याख्यानं असं काम होतं. प्रायोगिक भौतिकशास्त्राची पूर्ण प्राध्यापकी मिळाली १८५२ मध्ये. तरुणपणापासून जी जागा हवी होती ती.

६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्ये त्याचं निधन झालं. हवी होती ती खुर्ची त्याला जेमतेम दोन वर्षं मिळाली.

मग त्याचं नाव ॲम्पवर कसं आलं?

त्याला कारणीभूत ठरली तार. म्हणजे टपाल खात्यातली तार, टेलिग्राफ.

ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली केबल टाकली गेली. ती काही आठवड्यांतच बंद पडली. आधीच कमजोर असलेल्या केबलमध्ये संदेश नीट जावा म्हणून व्हाइटहाउस नावाच्या अधिकाऱ्याने प्रचंड दाबाची वीज सोडली आणि केबलवरचं आवरण भेदलं गेलं. पैसा समुद्रात बुडाला. त्यानंतर अभियंत्यांना पटलं की विजेचं मोजमाप अंदाजपंचे चालणार नाही. रोधाचं एक पक्कं एकक हवं.

१८६० च्या दशकात ब्रिटिश संशोधकांच्या समितीने ते ठरवायला घेतलं आणि १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत व्होल्ट, अँपिअर यांच्यासोबत ओहम हे एककाचं नाव म्हणून पक्कं झालं. चिन्ह म्हणून ग्रीक अक्षर ओमेगा घेतलं, कारण इंग्रजीतलं ओ शून्यासारखं दिसतं.

स्पीकरसाठी मात्र एक भर घालावी लागते. ओहमने मोजली ती एकाच दिशेने वाहणारी वीज. स्पीकरमध्ये जाते ती सेकंदाला शेकडो, हजारो वेळा दिशा बदलणारी वीज. तिला होणाऱ्या अडवणुकीला इम्पिडन्स म्हणतात. हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ मध्ये आणला. तो मोजतात ओहममध्येच, पण स्वर बदलला की तोही बदलतो. म्हणूनच ८ ओहमचं कॅबिनेट मल्टिमीटरवर तपासलं की साधारण ६ च्या आसपास आकडा दिसतो. स्पीकर बिघडलेला नसतो, मीटर फक्त तारेचा रोध दाखवत असतो.

आता बाहेरचं कॅबिनेट जोडा, पण असं

आधी ॲम्पची जात ओळखा. ट्रान्झिस्टरवाल्या ॲम्पला कमी ओहमची भीती असते. किमान ४ लिहिलं असेल तर ४ च्या खाली जायचं नाही. जास्त ओहम चालतात, फक्त वॅट थोडे कमी मिळतात.

व्हॉल्व्ह म्हणजे ट्यूबवाल्या ॲम्पचं गणित वेगळं. ट्यूबना समोर हजारो ओहम लागतात आणि स्पीकर असतो ८ चा. दोघांमध्ये एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. त्यामुळे इथे आकडा जुळवावा लागतो. मागे ४, ८, १६ असे वेगळे जॅक किंवा स्विच असेल, तर एकूण जोडणीचा आकडा काढून तोच निवडायचा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीही वाजवायचा नाही. ऊर्जेला बाहेर जायला वाट नसली की ट्रान्सफॉर्मरमध्ये विजेचा दाब उसळतो आणि आतलं आवरण भेदलं जाऊ शकतं. १८५८ च्या केबलचं झालं तसंच.

कुठला जॅक कशासाठी ते पाहा. काही ॲम्पमध्ये बाहेरचं कॅबिनेट लावलं की आतला स्पीकर आपोआप बंद होतो, काहींत दोन्ही चालू राहतात. एकूण ओहमचा हिशोब यावर ठरतो. अनेक जुन्या फेंडर ॲम्पमध्ये मुख्य जॅक रिकामा असला की आउटपुट शॉर्ट होतं. तिथे आतल्या स्पीकरची पिन काढून फक्त जादा जॅकमध्ये कॅबिनेट लावलं, तर आवाजच येत नाही आणि ॲम्पवर ताण पडतो. एकच कॅबिनेट वापरायचं असेल तर ते मुख्य जॅकमध्येच लावायचं. आपल्या मॉडेलचं मॅन्युअल पाच मिनिटं वाचलं की हे सगळं कळतं.

गिटारची केबल वापरू नका. दिसायला सारखी असली तरी तिच्या आत एक बारीक तार आणि भोवती जाळी असते. ती गिटारच्या इवल्याशा सिग्नलसाठी बनवलेली असते. स्पीकरकडे दोन-चार अँपिअर जातात. तार बारीक असली की रोध वाढतो, केबल तापते आणि मध्येच तुटली तर ट्यूब ॲम्प बिनस्पीकरचा होतो. दोन सारख्या जाड तारांची स्पीकर केबलच हवी.

वॅट तपासा. कॅबिनेटची क्षमता ॲम्पच्या वॅटपेक्षा जास्त असलेली बरी. दोन्ही स्पीकर सारख्या ओहमचे असतील तर वॅट निम्मे-निम्मे वाटले जातात. समांतर जोडणीत एक ८ आणि एक १६ असेल, तर ८ वाल्याकडे दुप्पट वॅट जातात.

जोडताना ॲम्प बंद. आधी बंद करा, मग केबल लावा, दोन्ही टोकं घट्ट बसलीत का बघा, आवाज शून्यावर ठेवून चालू करा आणि हळूहळू वाढवा.

स्पीकरच्या जॅकमधून दुसरीकडे जाऊ नका. त्यात हेडफोन, मिक्सर किंवा दुसऱ्या ॲम्पचं इनपुट लावायचं नाही. तसंच लाइन आउट किंवा इफेक्ट्स लूपच्या जॅकमध्ये कॅबिनेट लावायचं नाही.

ॲम्पला जॅकच नसेल तर स्वतः पेचकस घेऊन उघडायचं नाही. ट्यूब ॲम्पमधल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. त्यात जीव जाऊ शकतो. हे काम जाणकार मेकॅनिककडेच द्यायचं.

ज्या न्युरेनबर्ग पॉलिटेक्निकने ओहमला अडचणीच्या काळात जागा दिली, त्या परंपरेतल्या तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेला आज ओहमचंच नाव आहे. आणि मागच्या पॅनलवर जॅकच्या शेजारी तेच नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं. पुढच्या वेळी केबल लावायच्या आधी ॲम्प भिंतीपासून थोडा पुढे ओढून ते एकदा वाचून घ्या.